देवाचं लेकरू, पण दत्तक

‘आपण सगळी देवाची लेकरं’ हे वाक्य नाशकात कुठेही कानावर पडतं. रामकुंडावर पडतं, शांतता समितीच्या बैठकीत पडतं, डिसेंबर लागला की नाताळच्या शुभेच्छांमध्ये तर हमखास पडतं. वाक्य गोड आहे आणि खोटंही नाही. बायबलातल्या उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात माणूस देवाच्या प्रतिरूपाचा केला असं म्हटलंय. अथेन्समध्ये बोलताना प्रेषित पौलाने ‘आपण त्याचा वंश आहोत’ ही एका ग्रीक कवीची ओळ स्वतःहून उचलली आहे. पण ख्रिस्ती माणूस प्रार्थनेत ‘मी देवाचं लेकरू’ म्हणतो तेव्हा त्याला एवढंच म्हणायचं नसतं. निदान नसावं.

योहानाच्या शुभवर्तमानातलं पहिल्या अध्यायातलं बारावं वचन बघा. ज्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला त्यांना त्याने ‘देवाची मुले होण्याचा अधिकार दिला’. यातले ‘होण्याचा’ आणि ‘अधिकार’ हे दोन शब्द जरा अडखळायला लावतात. जे जन्मानेच आहे ते पुन्हा कशाला व्हायचं? आणि आईच्या कुशीत जायला लेकराला अधिकारपत्र कधीपासून लागायला लागलं? पुढचं वचन आणखी स्पष्ट आहे: हा जन्म रक्तापासून नाही, देहाच्या इच्छेपासून नाही, माणसाच्या इच्छेपासूनही नाही.

पौलाकडे यासाठी एक नेमका ग्रीक शब्द आहे, हुइओथेसिया. त्याच्या पत्रांत तो पाच वेळा येतो: रोमकरांस तीनदा, गलतीकरांस एकदा, इफिसकरांस एकदा. मराठी बायबलात रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात त्यासाठी ‘दत्तकपण’ आलंय. दासपणाचा आत्मा नाही, तर दत्तकपणाचा आत्मा. इथे मराठी वाचक नशीबवान आहे असं मला वाटतं. हल्ली ‘अडॉप्शन’ म्हटलं की संस्था, प्रतीक्षायादी आणि कागदपत्रं डोळ्यांपुढे येतात. ‘दत्तक’ म्हटलं की येतो वारस. शाळेत ‘दत्तक वारस नामंजूर’ घोकलेलं असतं, १८४८ चं सातारा, मग झाशी, मग नागपूर. दत्तक मान्य की अमान्य यावर राज्यं राहिली किंवा गेली, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

नाशिककरांना तर घरचं उदाहरण आहे. मालेगाव तालुक्यातलं कवळाणे गाव. तिथल्या गायकवाडांच्या दूरच्या शाखेतला बारा वर्षांचा गोपाळराव २७ मे १८७५ रोजी बडोद्याच्या राणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि तो सयाजीराव झाला. त्या दिवशी त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हतं. शिक्षण नंतर सुरू झालं आणि राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार १८८१ मध्ये मिळाले. हा क्रम महत्त्वाचा. आधी वारस, मग अभ्यास. अभ्यासात नापास झाला असता तरी त्या दिवसापासून तो जमनाबाईंचा मुलगा होताच. आणि मुलगा होता म्हणूनच त्याच्या मागे मास्तर लागले, कवळाण्याच्या इतर पोरांच्या मागे लागले नाहीत. ख्रिस्ती शिकवणीत कृपा आणि आज्ञापालन यांचा जो क्रम आहे तो नेमका हाच. चर्चमध्ये बसलेले निम्मे लोक आयुष्यभर तो उलटा वाचतात: चांगलं वागलो की देव आपला म्हणेल.

दत्तकाच्या कायद्यातले बारकावेही इथे कामाला येतात. १९५६ च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्यात दत्तहोम सक्तीचा नाही, पण मूल प्रत्यक्ष देणं आणि घेणं सक्तीचं आहे. नुसत्या कागदाने दत्तक होत नाही. दत्तक झालं की जन्मघराशी असलेले नात्याचे धागे तुटतात, मात्र कुणाशी लग्न करता येणार नाही तेवढे निषेध राहतात. आणि कलम १५: एकदा रीतसर झालेलं दत्तक ना आईबापाला रद्द करता येतं, ना मुलाला ते सोडून जन्मघरी परत जाता येतं. आपल्या मुंबई इलाख्यात तर जुन्या रूढीने लग्न झालेला, पोराबाळांचा बाप असलेला पुरुषही दत्तक जाऊ शके. रोमन लोकांतही मोठी माणसं दत्तक जात. ज्युलियस सीझरने मृत्युपत्राने ऑक्टेव्हियनला घेतलं, ऑगस्टसने तिबेरियसला, क्लॉडियसने इसवी सन ५० मध्ये नीरोला. पौलाने रोमकरांना पत्र लिहिलं ते साधारण ५७ साली. म्हणजे पत्र ज्यांच्या हाती पडलं त्यांच्या शहरात सिंहासनावर एक दत्तक पुत्रच बसला होता. ‘दत्तक म्हणजे दुय्यम’ असं त्या वाचकांपैकी कुणाच्या मनात येणं शक्य नव्हतं.

एका बाबतीत मात्र आपला कायदा आणि पौलाची शिकवण समोरासमोर येतात. १९५६ च्या कायद्याने, मुलगा, नातू किंवा पणतू हयात असेल तर मुलगा दत्तक घेता येत नाही. दत्तकाची सगळी जुनी व्यवस्थाच रिकाम्या जागेसाठी होती: पिंड द्यायला कुणी नाही, गादीवर बसायला कुणी नाही, नाव चालवायला कुणी नाही. देवाकडे अशी रिकामी जागा नव्हती, त्याला पुत्र होता. आपल्या कोर्टात हे दत्तक पहिल्याच तारखेला उडालं असतं. तरी घेतलं, आणि घेतलेल्यांना पौल ख्रिस्ताच्या ‘सोबतीचे वारीस’ म्हणतो. त्याच अध्यायात पुढे ख्रिस्ताला तो पुष्कळ भावंडांतला ज्येष्ठ म्हणतो. थोरल्याच्या संमतीशिवाय, किंबहुना थोरल्याच्या खर्चाशिवाय, धाकट्यांना सातबाऱ्यावर नाव लागलेलं नाही. वधस्तंभाचा अर्थ अनेक अंगांनी सांगतात. नाशिक जिल्ह्यात, जिथे घरटी एक वाटणीचा दावा असतो, तिथे मला तो या अंगाने सगळ्यात लवकर कळतो.

जाता जाता एक विचित्र गोष्ट. ज्या समाजाच्या श्रद्धेच्या मुळाशी दत्तक आहे, त्या भारतीय ख्रिस्ती समाजाला दत्तकाचा कायदाच नव्हता. हिंदू कायदा लागू नाही. उरला १८९० चा पालक आणि पाल्य कायदा. त्याने मूल सांभाळता येई, पण नातं पालक-पाल्याचं, तेही मूल सज्ञान होईपर्यंत, वारसाहक्क नाही. बाल न्याय कायदा २००० मध्ये आला, २००६ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, तेव्हा कुठे कोणत्याही धर्माच्या जोडप्याला पूर्ण दत्तक घेण्याचा रस्ता खुला झाला. तोवर दर रविवारी ‘दत्तकपणाचा आत्मा’ वाचणाऱ्या निपुत्रिक जोडप्याला स्वतःच्या घरात मात्र पाल्यच ठेवता येत होतं.

मराठीने आणखी एक सोय केली आहे. पौल बायकांसकट सगळ्यांना ‘पुत्र’ म्हणतो. आज ते खटकतं, पण तेव्हा वारसा पुत्राला मिळे, म्हणून बायकांनाही पुत्राचा हक्क देऊन टाकण्याचा तो प्रकार आहे. योहान मात्र विश्वासणाऱ्यांसाठी ‘मुलं’ हा शब्द वापरतो आणि ‘पुत्र’ फक्त येशूसाठी राखून ठेवतो. आपल्याकडे ‘लेकरू’ नपुंसकलिंगी. ना मुलगा, ना मुलगी, आणि वयाची अटही नाही; सत्तरीच्या म्हातारीलाही तिची आई असेल तर ती लेकरूच म्हणेल.

‘अब्बा’ या शब्दाबद्दल व्यासपीठावरून नेहमी सांगितलं जातं की तो म्हणजे ‘पप्पा’, बाळाचे बोबडे बोल. ते बरोबर नाही. अरामी भाषेत मोठी झालेली मुलंही बापाला अब्बाच म्हणत. मालेगावात किंवा जुन्या नाशकात कुणाला विचारा: यंत्रमागावर बापाच्या बरोबरीने उभा राहणारा चाळिशीचा मुलगाही ‘अब्बा’ म्हणतो. त्यात लाड कमी, आदर आणि जवळीक सारखीच. गेथशेमाने बागेत येशूने ही हाक मारली तेव्हा तो बोबडं बोलत नव्हता. समोर मरण होतं आणि ते टळावं असं मागत होता.

आता विधी. बाप्तिस्मा म्हणजे या दत्तकाचं प्रत्यक्ष देणं-घेणं. कॅथलिक पद्धतीत दारातच आईबापांना विचारतात: बाळाचं नाव काय, आणि चर्चकडे काय मागता? मग वचनांचं वाचन, छातीला तेल, सैतानाचा नकार आणि विश्वासाची कबुली, आणि डोक्यावर तीनदा पाणी: पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. त्यानंतर टाळूवर सुगंधी अभिषेकाचं तेल, पांढरं वस्त्र आणि पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती. यातलं विधी वैध होण्यासाठी लागतं ते फार थोडं: खरं पाणी, ते त्वचेवरून वाहिलं पाहिजे, आणि ते नेमके शब्द. नुसतं ओलं बोट कपाळाला लावलं तर शंका राहते. शब्द बदलले तर प्रश्नच मिटतो. ‘मी तुला बाप्तिस्मा देतो’ ऐवजी ‘आम्ही’ म्हटलेला बाप्तिस्मा अवैध, असं व्हॅटिकनने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. इतका काटेकोरपणा कशासाठी, असं वाटतं खरं. पण दत्तकपत्रावर कुणी हौसेने घेणाऱ्याचं नाव बदललं तर आपण चालवून घेऊ का? बोलतो पाद्री, पण घेणारा ख्रिस्त आहे, जमलेली मंडळी नव्हे. म्हणून ‘आम्ही’ चालत नाही. उलट बाजूने केवढी मोकळीक आहे तेही बघा. बाळ दगावण्याच्या बेतात असेल तर दवाखान्यातली परिचारिकाही बाप्तिस्मा देऊ शकते, मग ती स्वतः ख्रिस्ती नसली तरी, चर्च जे करतं तेच करण्याचा हेतू असला म्हणजे झालं.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत चित्र वेगवेगळं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात बाळाला बाप्तिस्मा देणारे अँग्लिकनही होते आणि कळत्या वयातच देणारे बॅप्टिस्टही. म्हणून तिथे बाळाचा बाप्तिस्मा आणि कळत्या वयातला बाप्तिस्मा दोन्ही मान्य. पेंटेकॉस्टल मंडळ्या फक्त कळत्या वयात देतात, तोही पूर्ण बुडवून. यावर वाद दोनशे पानांचे होतील. मला दोन्हींत तथ्य दिसतं. बाळाचा बाप्तिस्मा सांगतो की घेणाऱ्याची इच्छा आधी होती. मोठ्याचा सांगतो की ‘स्वीकार केला’ हे क्रियापद कुणीतरी स्वतः चालवावं लागतं.

चुका होतात त्या बहुतेक विधीत नाही, आजूबाजूला होतात. धर्ममातापिता निवडताना कोण काय आणेल ते बघतात. कॅथलिक नियमाने धर्मपित्याला सोळा वर्षं पूर्ण हवीत, त्याचं दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा, विश्वास पक्का करण्याचा विधी) झालेलं हवं आणि तो मुलाचा स्वतःचा बाप नसावा. पण नियमाचा मतलब एवढाच की बाळाच्या वतीने जो ‘हो’ म्हणतो त्याने पुढे वीस वर्षं त्या ‘हो’ला जागावं. दुबईतला मामा यासाठी क्वचितच उपयोगी पडतो. दुसरी चूक नावाची. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर एक, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत दुसरं, शाळेत तिसरं; लग्नाच्या वेळी मग प्रतिज्ञापत्रं आणि राजपत्र. तिसरी, जुन्या दाखल्याची झेरॉक्स घेऊन लग्नाला येणं. ती चालत नाही, कारण दृढीकरण आणि लग्न यांच्या नोंदी मूळ बाप्तिस्म्याच्या वहीतच होतात. म्हणून सहा महिन्यांच्या आतला नवा उतारा मागतात. सातबारा नवा काढून आणा म्हणतात तसंच. आणि बाप्तिस्मा पुन्हा होत नाही. माणूस वीस वर्षं चर्चकडे फिरकला नसेल, उघड नाकारून गेला असेल, तरी परत आल्यावर त्याची पापांची कबुली ऐकतात, पाणी घालत नाहीत. कलम १५ आठवा.

बाप्तिस्म्यानंतर स्वभाव बदलत का नाही, हा पुढचा रास्त प्रश्न. याचं उत्तर निफाड-दिंडोरीच्या बागेत बरं मिळतं. आपल्याकडे द्राक्षाची बाग थेट लावत नाहीत. आधी डॉगरीजचा खुंट लावतात; जंगली वेल, पाण्याचा ताण आणि खारवट जमीन सोसणारा, स्वतःची द्राक्षं मात्र बाजारात न्यायच्या लायकीची नाहीत. पावसाळा सरता सरता त्यावर थॉमसन या खाण्याच्या द्राक्षाची काडी पाचर कलमाने बांधतात. काडी पेन्सिलीच्या जाडीची, खुंटाच्या जाडीला जुळणारी. साल सालीला भिडली नाही तर सांधा जमत नाही. वर पट्टी गच्च. डोळे फुटले की शेतकरी खूश होतो, पण खरं काम तिथून सुरू होतं, कारण सांध्याखालून खुंटाचे स्वतःचे फुटवे येत राहतात. जोमदार असतात, कलमापेक्षा जास्त वेगाने वाढतात. ते वेळच्या वेळी काढले नाहीत तर रस तिकडे जातो, कलम वाळतं, आणि बाहेरून हिरवागार दिसणारा वेल प्रत्यक्षात पुन्हा डॉगरीज झालेला असतो. कलम फसलं म्हणून नव्हे, फुटवे काढले नाहीत म्हणून.

पौलानेही रोमकरांना कलमाचंच उदाहरण दिलंय, पण उलटं. तो रानटी जैतुनाची काडी चांगल्या झाडावर लावतो आणि हे निसर्गाच्या रीतीविरुद्ध आहे असं स्वतःच कबूल करतो. कुठलाही शेतकरी हसेल. पण त्याला तेच म्हणायचं होतं: लावणाऱ्याला या व्यवहारात काही फायदा नव्हता. छाटणी मात्र दोन्हीकडे आहे. आपल्याकडे वर्षातून दोनदा: एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. एप्रिलात बाग बघितली तर कुणी सूड उगवलाय असं वाटावं. योहानाच्या पंधराव्या अध्यायात छाटला जातो तो फळ देणारा फाटा, हे वाचताना सहज निसटतं.

या सगळ्याला शहरातच एक काळोखी बाजूही आहे. शरणपूर हे नावच बोलकं. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने ही वसाहत उभी केली. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून इंग्रज आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे ठेवली गेली, सुतारकाम-लोहारकाम शिकली, बाप्तिस्मा पावली. त्यांतला जेकब वेनराइट हा आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टनचं शव आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीत तो शवपेटीचा कोपरा धरून चालला. ‘नासिक बॉइज’ या नावाने ही मुलं इतिहासात नोंदली गेली. पण जेकब वेनराइट हे त्याचं आईने ठेवलेलं नाव नव्हे. दत्तकात नाव बदलतं, गोपाळरावाचंही बदललं. तरी नवं नाव देवाच्या घरचं आणि इंग्रजाच्या घरचं यांत फरक आहे, आणि तो मिशनने नेहमी पाळला असं म्हणता येणार नाही. मराठी ख्रिस्ती घरांनी निदान आडनावं राखली. गायकवाड, साळवे, पगारे, भालेराव. (म्हणजे नाशकात दोन्ही अर्थांनी दत्तक गेलेले गायकवाड सापडतात.)

आडनावाबरोबर जातही राहिली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीत राहत नाही. शीख १९५६ मध्ये आणि बौद्ध १९९० मध्ये त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. सरकारने म्हटलं, तुमच्यात जात नाही. मंडळीत मात्र लग्न जमवताना ‘मूळचे कोण?’ हे हळूच विचारलं जातंच. गलतीकरांस पत्रात यहूदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष ‘हा भेदच नाही’ असं आहे ते ‘तुम्ही सर्व देवाचे पुत्र’ याच्या अगदी पाठोपाठ. पहिलं वचन फ्रेममध्ये लावायचं आणि दुसरं वगळायचं, असा हा प्रकार. बाप हवा, भावंडं नकोत.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचा क्रम मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या कट्टर सोवळ्यात होत्या आणि त्यांच्यापासून दूर राहिल्या. परत आल्यावरही पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. मग एक दिवस त्यांना वाटलं की ही जात देवाने केलेली असणं शक्य नाही, आणि कुणाच्याही हातचं खायचं त्यांनी ठरवलं. ख्रिस्तावरचा विश्वास त्यानंतर आला. बाकीच्यांना बाप आधी सापडतो, त्यांना भावंडं आधी सापडली.

प्रभूच्या प्रार्थनेत एकवचनी ‘माझा’ नाही. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’पासून रोजची भाकर, ऋणं, परीक्षा, सगळं ‘आम्हांला’. खोलीत एकटं बसून म्हटली तरी तिच्यात गर्दी असते.

लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या गोष्टीत धाकटा मुलगा, बाप जिवंत असतानाच, वाटणी मागतो. नियमशास्त्राप्रमाणे थोरल्याला दुप्पट, म्हणजे दोन मुलांत धाकट्याला तिसरा हिस्सा. तो उडवून, डुकरं राखून परतताना तो मनात अर्ज तयार करतो: मला एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा. बाप अर्ज पुरा ऐकूनच घेत नाही. झगा, अंगठी, पायांत जोडे. चाकर अनवाणी असतात, मुलगा नसतो. हे सगळ्यांना पाठ आहे. कमी पाठ असतो तो शेतातून आलेला थोरला. वाद्यं ऐकून तो बाहेरच थांबतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो. थोरला हिशेब मांडतो: इतकी वर्षं सेवाचाकरी केली, एक करडूही दिलं नाहीत. तिसऱ्या हिश्श्यानंतर उरलेलं सगळं त्याचंच आहे, पण बोलतो तो थकलेल्या पगाराची भाषा. आणि धाकट्याचा उल्लेख करतो तो ‘हा तुमचा मुलगा’ असा. बाप सगळं ऐकतो, आवाज चढवत नाही. उत्तरात फक्त तेवढे शब्द बदलून परत देतो: हा तुझा भाऊ.